संगणकाचा हजेरीपट आणि आपली मुले

कॉलेजात जाणारी मुलगी सांगते, "आजची चाचणी मोबाईलवरच द्यायचीय." आईवडील मान डोलावतात. पण हा प्रकार काय आहे, हे आपण पालकांनी समजून घ्यायला नको काय?

आम्ही कारकुनी करणारे, म्हणून कचेरीच्या भाषेत सांगतो. फळा, वही, हजेरीपट आणि निकालपत्रक एकाच संगणकीय दप्तरात ठेवले, की झाली ऑनलाईन शिक्षणाची प्रणाली. ऑस्ट्रेलियाच्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ साली खुली केलेली 'मूडल' ही अशीच एक. तिच्या परवान्याला पैसे पडत नाहीत. वाळवंटातल्या वस्तीत वाढलेल्या या माणसाची स्वतःची शाळा रेडिओवर भरत असे!

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१७ साली 'स्वयम्' आणि 'दीक्षा' सुरू केले. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मोबाईलने टिपला, की 'दीक्षा'वरचा पाठ उघडतो. 'स्वयम्'वर कॉलेजचे विषय फुकट शिकता येतात. परीक्षा देऊन दाखला हवा असेल तर फी पडते. कॉलेजने मान्य केल्यास त्याचे गुण पदवीत धरले जातात. म्हणून आधी कॉलेजात विचारा, मगच फी भरा.

आता खरी अडचण. हे दप्तर 'गैरहजर' एवढेच लिहिते, कारण लिहीत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. मंडणगड-दापोलीत विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावे बरेच दिवस अंधारात राहिली. त्याच महिन्यात राज्यात मोबाईलवरची शाळा सुरू झाली! ज्या घरात एकच फोन आणि तोही बाप कामावर नेतो, त्या घरातले पोर आळशी म्हणायचे काय?

यंत्राला कारण कळत नाही, ते माणसाला कळवावे लागते. वीज गेली, रेंज नव्हती, तर त्याच दिवशी साध्या कागदावर अर्ज लिहा, कॉलेजात द्या आणि पोच घ्या. पासवर्ड मुलीने स्वतःच्या वहीत लिहावा, सायबरवाल्याकडे ठेवू नये. चाचणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडा. त्या दिवशी फोन घरी राहील, असे पाहा.

आणि वाडीतल्या विहारात संध्याकाळी दोन तास एक संगणक चालू ठेवता आला तर? वर्गणी काढताना मंडळांनी याचाही विचार करावा, ही आमची विनंती.