सुरतेस जाल तेव्हा

नाताळ आटोपला की आपल्या वसईच्या गावांतून लग्नांची घाई सुरू होते. ज्यांच्या घरी कार्य असते ती मंडळी पहाटेची गाडी धरून सुरत गाठतात, दिवसभर कापडबाजार पालथा घालतात आणि रात्री गाठोडी घेऊन परततात. शाळेला सुट्टी म्हणून मुलेही बरोबर असतात. परंतु त्यांच्या वाट्याला येतात त्या केवळ दुकानाच्या गादीवरील जांभया.

अशाच एका कुटुंबाला मी मागे सुचविले, "दोन तास काढून संग्रहालय पाहून या." त्यावर घरची माउली म्हणाली, "फादर, ते शिकलेल्यांचं काम. आम्हां वाडीतल्या माणसांना त्यातलं काय कळणार?" हा प्रश्न माझ्या मनात राहिला. आजचे लेखन हे त्याचे उत्तर होय.

प्रथम सरदार पटेल संग्रहालय पाहावे. १८९० साली विंचेस्टर संग्रहालय या नावाने निघालेली ही संस्था आता सिटी लाइट भागातील विज्ञान केंद्राच्या वास्तूत आहे. जुनी जर, लाकडावरील कोरीव काम, चिनी मातीची भांडी अशा वस्तू तेथे मांडलेल्या आहेत. त्याच वास्तूत कलादालनही आहे आणि मुलांना आवडेल असे तारांगणही आहे.

जरीपुढे जरा थांबा. चांदीची तार बारीक बारीक छिद्रांतून ओढीत केसासारखी करावयाची, ती चापट करून रेशमी धाग्यावर गुंडाळावयाची आणि वर सोन्याचा मुलामा द्यावयाचा, ही खऱ्या जरीची रीत. पैठणीच्या पदरावर झळकणारी जर सुरतेहूनच येत आली आहे. आज बाजारात तांब्याच्या तारेची आणि प्लॅस्टिकच्या चकचकीत पट्टीची जरही भरपूर मिळते. ती स्वस्त असते, आणि ती घेण्यात पाप नाही. परंतु खरे काम एकदा डोळ्यांखालून गेले म्हणजे दुकानदार काय दाखवितो आणि काय सांगतो, यांतील अंतर आपल्याला कळू लागते.

सुरतेची दुसरी कला सादेली. निरनिराळ्या रंगांच्या लाकडाच्या, हाडाच्या व धातूच्या बारीक काड्या तासून, चिकटवून त्यांची जुडी बांधतात. मग ती जुडी आडवी कापली की प्रत्येक चकतीवर तीच नक्षी उमटते. त्या पातळ चकत्या पेटीवर बसवितात. पूर्वी यांत हस्तिदंतही वापरीत. त्याच्या व्यापारास बंदी झाल्यावर ते थांबले. हे काम जाणणारी घरे सुरतेत आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. आपल्या गावांतील सुतारांनी तर मुलांना ही पेटी मुद्दाम दाखवावी. एखादी कला मरते, ती बहुधा पुढच्या पिढीने पाहिलीच नाही म्हणून.

तेथून तापीकाठच्या किल्ल्यावर जावे. पोर्तुगीज आरमाराच्या हल्ल्यांपासून शहराचे रक्षण व्हावे म्हणून खुदावंद खानाने तो बांधविला. १५४६ साली तो पुरा झाला. म्हणजे आपल्या वसईचा किल्ला ज्यांनी बांधला, त्यांच्याच भीतीने हा उभा राहिला! महापालिकेने त्याची डागडुजी करून आत दालने मांडली आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४ च्या जानेवारीत सुरत लुटली, तेव्हा कापुचिन मिशनरी फादर आंब्रोज यांच्या मठास त्यांनी हात लावू दिला नाही, असे बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेविले आहे. ही गोष्ट मुलांना किल्ल्यावर सांगावी.

शेवटी कतारगाम दरवाजाजवळील इंग्रज व डच दफनभूमी. वखारीच्या साहेबांची थडगी तेथे घुमट बांधून राजवाड्यासारखी केली आहेत. डचांपैकी फान रेडे १६९१ साली सुरतेच्या वाटेवर जहाजातच वारले. केरळातील वनस्पतींवर त्यांनी बारा खंडांचा सचित्र ग्रंथ करविला. आरंभीच्या कामात माथेउस नावाच्या कार्मेलाइट धर्मगुरूंनी त्यांना साहाय्य केले, आणि १६७८ च्या पहिल्या खंडात कोकणी वैद्यांचे निवेदन नागरी अक्षरांत छापले गेले. साहेबांचा घुमट आज काळवंडला आहे. त्या झाडपाल्याच्या चित्रांना मात्र अजून अभ्यासक जपतात. माणसामागे काय उरते, याचे प्रवचन मला तेथे निराळे करावे लागणार नाही.

आता त्या माउलीचे उत्तर. बाई, ज्या हातांनी केळीची बाग जोपासली, ज्यांनी टोपली विणली, जाळे ओवले, त्यांनाच हातांच्या कामाची पारख अधिक असते. वस्तूखालील पाटी वाचता आली नाही तरी त्या कामाला किती दिवस लागले असतील, हे तुम्ही पाहताक्षणी सांगाल. ते पंडितांना नेहमीच जमते असे नाही.

दोन सूचना. सोमवार टाळावा, संग्रहालये त्या दिवशी बहुधा बंद असतात. आणि सारे एका दिवसात उरकू नये. एक स्थळ पाहिले तरी पुरे. परतल्यावर रात्रीच्या रोझरीनंतर प्रत्येक मुलाला विचारावे, "तुला कोणती वस्तू आवडली, आणि ती कशी केली असेल?" लुगडे जुने होईल, परंतु हे उत्तर मुलाच्या मनात पुष्कळ वर्षे राहील.