गाठीचा प्रकार सुईनेच ठरावा

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरचे आधी विचारतात, गाठ केवढी आहे? उपचार ठरवताना तितकाच मोलाचा प्रश्न असतो तो गाठीच्या प्रकाराचा. पेशींमध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर आहेत का, हर-टू हे प्रथिन वाजवीपेक्षा जास्त आहे का, यावर पुढचं बरंचसं ठरतं. रिसेप्टर असतील तर पाच ते दहा वर्षं हार्मोनविरोधी गोळी, हर-टू जास्त असेल तर ट्रॅस्टुझुमॅबसारखं औषध आणि तिन्ही नसतील, म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह असेल, तर मुख्य भिस्त केमोवर. हा प्रकार सुई न टोचता, एमआरआयच्या चित्रांवरून संगणकाला ओळखता येईल का, यावर गेली काही वर्षं जगभर काम चालू आहे. ते व्हायलाच हवं. पण बायोप्सीला पर्याय म्हणून ते कुणी पुढे करत असेल, तर त्याला आजच्या पुराव्याचा आधार नाही.

या कल्पनेचा पाया खरा आहे. तपासणीत बाई पालथी झोपते, शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देतात आणि त्याच जागेची चित्रं पुन्हापुन्हा घेतात. कर्करोगाने उभ्या केलेल्या नव्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे औषध गाठीत झपाट्याने भरतं आणि पुष्कळदा तितक्याच झपाट्याने ओसरतं. ट्रिपल निगेटिव्ह गाठ बरेचदा गोलसर, गुळगुळीत कडेची दिसते. कडेला उजळ कडं आणि आत मेलेल्या पेशींचा भाग. हार्मोनला दाद देणाऱ्या गाठी अनेकदा वेड्यावाकड्या, काटेरी कडांच्या असतात. काळजीची गोष्ट अशी की गोलसर आणि गुळगुळीत हे निरुपद्रवी गाठीचंही लक्षण आहे. सर्वांत आक्रमक प्रकारांतला एक प्रकार असा साधेपणाचा वेष घेऊन येतो. ही लक्षणं सरासरीची आहेत. समोरच्या एका बाईच्या गाठीत ती एकमेकांत मिसळलेली असतात.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये 922 रुग्णांचे एमआरआय घेऊन प्रत्येक गाठीची 529 वैशिष्ट्यं संगणकाकडून मोजून घेतली. निम्म्या रुग्णांवर संगणकाला शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांवर त्याची परीक्षा घेतली. ल्युमिनल ए हा हार्मोनला दाद देणाऱ्या गाठींचा प्रकार ओळखण्यात त्याला 0.697 गुण मिळाले, ट्रिपल निगेटिव्हमध्ये 0.654. या मोजपट्टीवर 0.5 म्हणजे निव्वळ नाणेफेक आणि 1 म्हणजे बिनचूक. एक ट्रिपल निगेटिव्ह आणि एक दुसऱ्या प्रकारची अशा दोन गाठी समोर ठेवल्या, तर शंभरातल्या सुमारे पस्तीस जोड्यांत यंत्र चुकीच्या गाठीकडे बोट दाखवेल. चित्रात काहीतरी संकेत आहे, हे यातून निश्चित सिद्ध होतं. पण ज्या उत्तरावर कुणाला वर्षानुवर्षांची गोळी मिळणार किंवा नाकारली जाणार, त्यासाठी एवढा संकेत पुरत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सुई गाठीतून जेमतेम काही धागे काढते. गाठ सगळीकडे एकसारखी नसते आणि एमआरआय मात्र ती पूर्ण पाहतो. हे मान्यच आहे. म्हणूनच चित्र एक सांगत असेल आणि रिपोर्ट भलतंच, तर रेडिऑलॉजिस्टने पॅथॉलॉजिस्टला फोन करावा आणि गरज पडली तर दुसऱ्या जागेतून पुन्हा तुकडा घ्यावा. तुकडा कुठून घ्यायचा हे एमआरआयने जरूर सांगावं. शिवाय पॅथॉलॉजीची विभागणी दिवसेंदिवस बारीक होत चालली आहे. इस्ट्रोजेन रिसेप्टर फक्त एक टक्का पेशींत रंगला तरी नोंद घ्यावी लागते. 2022 पासून तर हर-टू कमी प्रमाणात असलेल्या, पसरलेल्या कर्करोगातही ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकान या औषधाचा फायदा दिसला आहे. हे फरक आज सावल्यांवरून वाचता येत नाहीत.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा: लहान गावांत चांगली पॅथॉलॉजी कुठे आहे, मग यंत्रच का नको? पण जिथे रिसेप्टरची तपासणी पोचलेली नाही, तिथे चांगला ब्रेस्ट एमआरआय तरी कुठून येणार? भारतात ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त आढळतं, त्यामुळे तिकडच्या रुग्णांवर शिकलेल्या यंत्राचे आडाखे इथे जसेच्या तसे चालतील असं गृहीत धरता येत नाही. त्याआधी करण्यासारखं काम अगदी साधं आहे. काढलेला तुकडा तासाभरात दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये जावा आणि त्यात किमान सहा, जास्तीत जास्त बहात्तर तास राहावा. तो टेबलावर तसाच पडून राहिला, तर असलेले रिसेप्टरही नाहीत असा रिपोर्ट येऊ शकतो आणि ती बाई तिच्या हक्काच्या गोळीला मुकते. बाटलीवर तुकडा काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहिण्याचा नियम जिल्हा रुग्णालयात काटेकोर पाळला गेला, तर त्याचा लाभ आजच्या कुठल्याही संगणकी अंदाजापेक्षा मोठा असेल.

एमआरआयची खरी ताकद उपचार सुरू झाल्यावर दिसते. अमेरिकेत 2010 मध्ये सुरू झालेल्या आय-स्पाय 2 चाचणीत शस्त्रक्रियेआधी औषधं देतात आणि ठरावीक टप्प्यांवर एमआरआयने गाठीचं आकारमान मोजून औषध लागू पडतंय का ते पाहतात. कुठल्या बाईला कुठल्या गटात घालायचं, हे मात्र त्या चाचणीतही बायोप्सीच्या तुकड्यावरूनच ठरतं.