यजमानाला विचारतो कोण?

भाजपची राष्ट्रीय कार्यकारिणी २ आणि ३ जुलै २०२२ रोजी हैदराबादेत भरली, तेव्हा शहर दोन्ही बाजूंनी सजले होते. मोक्याची होर्डिंगे आणि मेट्रोचे खांब तेलंगण सरकारच्या योजनांनी आणि तेव्हाचे मुख्यमंत्री केसीआर यांच्या छबीने आधीच अडवून ठेवलेले. आम्हाला जागाच उरली नाही, ही भाजपची ओरड. २ तारखेला पंतप्रधान बेगमपेट विमानतळावर उतरले. त्यांच्या स्वागताला राज्याचा एक मंत्री. त्याच दिवशी त्याच विमानतळावर विरोधकांचे राष्ट्रपतिपदाचे उमेदवार यशवंत सिन्हा आले, तर मुख्यमंत्री जातीने हजर! महापालिकेने विनापरवाना फलकांबद्दल भाजप आणि राज्यातला सत्ताधारी पक्ष या दोघांनाही दंड ठोठावला. या साऱ्या नाट्यात शहराला मिळालेले काम ते एवढेच.

बरोबर महिन्याने, २ ऑगस्टला, अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराच्या परिषदेपुढे रिपब्लिकन पक्षाच्या २०२४च्या अधिवेशनाच्या कराराचा मसुदा आला आणि सदस्यांनी तो मतदानाने फेटाळला. अधिवेशन मिलवॉकीला गेले. मिलवॉकीचा महापौर डेमोक्रॅट. तरीही त्याने विरोधी पक्षाला बोलावले, कारण हॉटेलांचा धंदा आणि शहराचे नाव हा त्याचा हिशेब होता. तिकडे शहरे अधिवेशनासाठी चढाओढ करतात, निधी उभा करतात आणि कोणता खर्च कोणी सोसायचा ते कागदावर घेतात. त्या चढाओढीतही लबाडी असते, फायद्याचे आकडे फुगवलेले असतात. पण नकार देण्याची सोय असते, ही गोष्ट लहान नाही.

आपल्याकडे शहरे पक्षासाठी भांडत नाहीत. पक्षच शहरासाठी भांडतात. हैदराबादला हा मान वारंवार मिळतो. जानेवारी २००४मध्ये भाजपची कार्यकारिणी इथेच भरली, लोकसभेच्या मुदतपूर्व निवडणुकीचा कौल इथेच दिला गेला आणि मे महिन्यात वाजपेयींची सत्ता गेली. मार्क्सवाद्यांनी २०१८चे पक्ष महाअधिवेशन इथे घेतले. सप्टेंबर २०२३मध्ये काँग्रेसची कार्यसमिती आली. काँग्रेसला १७ सप्टेंबरच्या सभेसाठी परेड ग्राउंड हवे होते. ते केंद्र सरकारच्या हैदराबाद मुक्तिदिनाच्या कार्यक्रमाला गेले आणि सभा शहराबाहेर तुक्कुगुड्याला भरली. नोव्हेंबरात विधानसभेचे मतदान होते, शहर कशासाठी निवडले, हे वेगळे सांगायला नको.

पूर्वी हे असे नव्हते. काँग्रेसचे अधिवेशन प्रांताच्या निमंत्रणावरून भरे, स्वागत समिती गावात वर्गणी गोळा करी आणि जागेवरून हाणामारीसुद्धा होई. १९०७चे अधिवेशन नागपूरला ठरले होते. तिथल्या स्वागत समितीत जहाल-मवाळांचे इतके फाटले की ते सुरतेला हलवावे लागले. टिळकांना अध्यक्षपदापासून दूर ठेवण्याचा डाव त्यात होता, असा जहालांचा संशय. सुरतेच्या मांडवात पुढे काँग्रेस फुटली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. १९३६ साली फैजपूर या खेड्यात अधिवेशन भरले, ते खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींसारख्या कार्यकर्त्यांनी खानदेश पिंजून काढला म्हणून. म्हणजे पाहुणे कोणाचे आणि खर्च कोणाचा, याचे उत्तर तेव्हा गावाला माहीत असे.

आज वातानुकूलित परिषद केंद्राचे भाडे पक्ष भरतो, हे मान्य. मग बंद केलेल्या रस्त्यांचे काय? तीन-तीन दिवस तैनात राहणाऱ्या पोलिसांचे काय? रातोरात उगवलेले फलक उतरवण्याचा आणि सभेनंतर मैदान साफ करण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर? दंड फलकाला होतो, तोही फलक लागून गेल्यावर. सत्ताधारी पक्षाचा दंड कोणी वसूल करायचा, हा आणखी एक नाजूक प्रश्न.

हे दुखणे हैदराबादपुरते नाही. पुणे-नागपूरच्या चौकांनाही ते चांगले ठाऊक आहे. म्हणून महापालिकांकडे एक साधे मागणे. कोणत्याही पक्षाचे अधिवेशन येणार असेल, तर ते सभागृहाच्या कार्यपत्रिकेवर विषय म्हणून यावे. फलकांची संख्या, बंद राहणारे रस्ते आणि सफाईची आगाऊ अनामत ठरावात लिहावी आणि त्यावर हात वर करून मतदान व्हावे. बहुतेक वेळा ठराव मंजूरच होईल. होऊ द्या. निदान कोणत्या नगरसेवकाने शहराच्या नावे ‘या’ म्हटले, ते मतदाराला कळेल.