पाण्यालाही विरजण लागतं

ज्या लातुरात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं काचेच्या टाकीत ५० लिटर पाणी शोभेसाठी ओतताना हात जरा अडखळतोच. म्हणूनच ते सत्कारणी लागायला हवं. पण आपण करतो काय? सकाळी टाकी आणतो, दुपारी भरतो, संध्याकाळी मासे सोडतो आणि आठवडाभरात मासे मेले, की दुकानदाराला बोल लावतो. मांजरा धरणाचं असो की नांदेडला विष्णुपुरीचं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो उडून जायला पाणी दिवसभर उघडं ठेवावं. बोअरचं पाणी जड असेल, तर त्यात गप्पी आणि मोली रमतात, निऑन टेट्रा नाही. खरी मेख मात्र पुढंच आहे. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो आणि तोच त्यांच्या जिवावर उठतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. पण त्यांना वस्ती करायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवा, मासे नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाका. कुणाच्या निरोगी, जुन्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज मिळाला तर उत्तमच, ते विरजणच समजा. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, की पहिले दोन-तीनच मासे सोडा. आणि दर आठवड्याला बदललेलं पाणी मोरीत ओतू नका, कुंड्यांना घाला. झाडांना ते खतच आहे.