अपरिचितांना मत द्यावे कसे?

२०२५ सालच्या १ जून रोजी मेक्सिकोत एक अपूर्व निवडणूक झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपासून जिल्हा न्यायाधीशांपर्यंत केंद्रीय न्यायसंस्थेतील सुमारे ८८० जागांसाठी लोकांनी थेट मतदान करावयाचे होते. मतदार सुमारे दहा कोटी. मतदानकेंद्राकडे वळले ते शेकडा जेमतेम तेरा. हा आकडा पाहून तेथील जनता आळशी आहे असा निवाडा देणारे पुष्कळ निघाले. आम्हांस तो निवाडा मान्य नाही.

त्या मतदारापुढे काय वाढून ठेवले होते ते पाहावे. निरनिराळ्या रंगांच्या सहा मतपत्रिका, काही ठिकाणी त्याहूनही अधिक. एकट्या सर्वोच्च न्यायालयाच्या पत्रिकेवर ६४ नावे; त्यांतून पाच स्त्रिया व चार पुरुष निवडून त्यांचे क्रमांक चौकटींत स्वहस्ते लिहावयाचे. पक्षाचे चिन्ह नाही. उमेदवाराने देणगी घ्यावयाची नाही, आकाशवाणीवर वा दूरचित्रवाणीवर जाहिरातीसाठी वेळ विकत घ्यावयाचा नाही. पैशाला दूर ठेवण्याचा हा हेतू चांगलाच होता; परंतु पैशाबरोबर ओळखही दारातूनच परतली. निवडणूक संस्थेने उमेदवारांची माहिती संकेतस्थळावर ठेवली होती हे खरे. पण दिवसभर राबणाऱ्या गवंड्याने ती शेकडो नावे केव्हा वाचावीत?

खरी अडचण याहूनही खोल आहे. विधिमंडळाचा उमेदवार रस्ता करीन, पाणी आणीन, असे सांगू शकतो. न्यायाधीशपदाच्या उमेदवाराने मात्र अमक्या दाव्यात अमका निकाल देईन असे म्हटले, की तो तत्क्षणीच त्या आसनास अपात्र ठरतो. त्याने गप्प बसणे हेच उचित. आणि तो गप्प बसला की मतदार अंधारात.

ही पोकळी चिठ्ठ्यांनी भरून काढली. कोणते क्रमांक लिहावेत हे सांगणारे छापील कागद ठिकठिकाणी वाटले गेले. तेथील लोक त्यांस ‘आकोर्देओन’ म्हणतात. अकॉर्डियनच्या भात्याप्रमाणे घड्या घातलेली परीक्षेतली कॉपीची चिठ्ठी, हा त्या शब्दाचा शाळकरी अर्थ! सर्वोच्च न्यायालयावर निवडून आलेल्या नऊही जणांची नावे अशा चिठ्ठ्यांवर होती. आम्ही उमेदीची वर्षे शाळेत घालविली आहेत, आणि कॉप्याही थोड्या पकडलेल्या नाहीत. दोन मुले सापडली तर दोष मुलांचा. अर्धा वर्ग सापडला तर प्रश्नपत्रिका काढणाऱ्यास बोलावून घ्यावे, असा आमचा अनुभव आहे. ज्यांनी मतपत्रिका कोऱ्या टाकल्या, त्यांना तर आम्ही प्रामाणिक विद्यार्थीच म्हणू. बोलिव्हियात २०११ साली वरिष्ठ न्यायालयांसाठी असेच मतदान झाले, तेव्हा कोरी व बाद मते मिळून वैध मतांहून अधिक भरली होती.

जुन्या न्यायालयांत वशिला आणि नातलगांची भरती होती, ही या सुधारणेच्या पुरस्कर्त्यांची तक्रार काही खोटी नव्हे. मिश्तेक या आदिवासी समाजातील वकील ऊगो आगिलार सर्वाधिक मते मिळवून सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष झाले, ही गोष्टही लहान मानता येणार नाही. शिवाय आपण फुशारकी मारावी असे तरी काय आहे? आपल्याकडे उच्च व सर्वोच्च न्यायालयांसाठी नावे सुचविते ते न्यायमूर्तींचेच मंडळ, आणि अमुक का निवडला, तमुक का वगळला, हे नागरिकाच्या कानी क्वचितच येते.

अमेरिकेतील अलास्का व कोलोरॅडो या राज्यांनी निराळी वाट धरली आहे. तेथे न्यायाधीशाची आधी नेमणूक होते, काही काळाने त्यास ठेवावे की नाही एवढेच लोकांना विचारतात. आणि तत्पूर्वी त्याच्या न्यायालयात वावरणाऱ्या वकिलांकडे व इतरांकडे चौकशी करून तयार केलेला अहवाल मतदारांपुढे ठेवतात. मेक्सिकोस निवडणूकच हवी असेल, तर पुढच्या खेपेस त्याने निदान इतके करावे. जो आधीच न्यायासनावर बसलेला आहे त्याचे किती निकाल वरच्या न्यायालयात फिरले, किती दावे त्याच्यापुढे वर्षानुवर्षे रखडले, हे त्रयस्थाकडून लिहवून घ्यावे. जो नवखा आहे त्याच्या वकिलीची हकीकतही तशीच मिळवावी. आणि हे टिपण मतदानापूर्वी पुरेसे दिवस आधी घरोघर पोचवावे.