भावंडांची न्यायकथा : बीडच्या मातीतील कुमार गुन्हेकादंबरीच्या बाजूने

तेरा ते अठरा या वयाच्या वाचकांसाठी खून, खंडणी आणि वाकलेली यंत्रणा यांचे उघड चित्रण करणारी कादंबरी लिहावी काय, असा प्रश्न निघाला की मराठीत त्याचे उत्तर बहुधा नकाराचेच येते. इंग्रजीत या वयाच्या साहित्याला ‘यंग अॅडल्ट’ असे वेगळे नाव आहे. आईवडील गमावलेल्या तीन भावांची, हिंसेने भरलेली ‘द आउटसायडर्स’ ही एस. ई. हिंटन यांची कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखिकेने स्वतःची विशीही ओलांडलेली नव्हती. मराठीतील ‘कुमार साहित्य’ ही संज्ञा मात्र साहस, विज्ञान, चरित्र आणि संस्कार यांच्या कुंपणातच बरीच वर्षे राहिली. हे कुंपण राखू पाहणारा पूर्वपक्ष, म्हणजे आधी मांडून तपासायचा प्रतिपक्ष, असा : कोवळ्या मनावर काळोखाचा आघात होऊ नये, गुन्हेकथा सूड शिकवते, आणि बीडसारख्या जिल्ह्याची अशी कथा सांगणे म्हणजे आधीच डागाळलेल्या नावावर आणखी एक डाग टाकणे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या नेमके उलट आहे. अन्यायाचा माग काढणाऱ्या भावंडांची गडद कादंबरी बीडच्या मातीतून यायला हवी, आणि ती प्रथम त्या जिल्ह्यातील मुलांच्या हाती पडायला हवी.

कोवळ्या मनाचा मुद्दा मराठी परंपरेनेच कधी मान्य केलेला नाही. महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला लहानपणीच जी चार भावंडे ओळखीची होतात, त्या निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई यांची परंपरेने सांगितलेली कथा ही अन्यायाची आणि न्याययाचनेचीच कथा आहे : संन्यास सोडून संसारात परतलेल्या पित्याला देहान्त प्रायश्चित्त सांगितले जाते, आईवडील देह टाकतात आणि अनाथ झालेली मुले शुद्धिपत्रासाठी, म्हणजे समाजात परत घेतल्याच्या लेखी दाखल्यासाठी, पैठणच्या ब्रह्मसभेपुढे उभी राहतात. मृत्युदंड, बहिष्कार, सत्तेच्या दारातील विनवणी, यांपैकी काहीही या कथेतून मुलांसाठी गाळले जात नाही. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’तही कर्ज, जप्ती आणि आईचा मृत्यू आहेतच. तेव्हा काळोख मराठी मुलाला पूर्वीपासून परिचित आहे. आजचा आक्षेप खरे पाहता काळोखाच्या समकालीन असण्याला आहे. मारेकरी सातशे वर्षांपूर्वीचा असला तर चालतो, शेजारच्या तालुक्यातला असला तर चालत नाही.

आणि शेजारच्या तालुक्यातले मुलांनी पाहिलेलेच आहे. केज तालुक्यातील मस्साजोग गावचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण होऊन अमानुष मारहाणीत त्यांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटी रुपयांच्या खंडणीच्या आड ते आले, हे तपासयंत्रणेच्या दोषारोपपत्रातील, म्हणजे तपासाअंती न्यायालयात दाखल होणाऱ्या आरोपांच्या दस्तऐवजातील, म्हणणे आहे. मार्च २०२५ च्या आरंभी, बारावीच्या परीक्षा चालू असतानाच, त्या छळाची छायाचित्रे घरोघरच्या मोबाइलवर पोहोचली. ती पाहू नका असे सांगायला कोणी संपादक, शिक्षक किंवा पालक मध्ये उभा नव्हता. जे वय गुन्हेकादंबरीला कोवळे ठरते, त्याच वयाच्या मुलांना कोणताही अर्थ, क्रम किंवा सोबत न देता ते क्रौर्य दाखवले गेले. कादंबरी करते ते याच्या उलट : घडलेल्या गोष्टीला ती आधी आणि नंतर देते, मृताला छायाचित्रातून सोडवून पुन्हा माणूस करते, आणि वाचकाला त्या काळोखात एकटे सोडत नाही. कुमारवयीन मनाच्या रक्षणाची खरी काळजी असेल, तर विरोध कादंबरीला होऊच शकत नाही.

दुसरा आक्षेप सूडाचा आहे आणि तो अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, कारण सूडकथा आणि न्यायकथा बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्हींत एक मृत्यू असतो, दोन्हींत त्याचा माग काढणारे जवळचे कोणी असते. सूडकथा मात्र गुन्हेगार सापडताच संपते. न्यायकथा तिथून सुरू होते. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांनी मराठी वाचकाला वेग दिला, भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे या फुरसुंगीच्या मुलाला चोरांमागे सायकलवर धाडले, आणि हे ऋण मोठे आहे; पण त्या कथांत गुन्हेगार पोलिसांच्या हाती दिला की काम झाले, कारण पोलीस त्याला धरून ठेवतील यावर वाचकाचा आणि लेखकाचा विश्वास होता. बीडमधील मुलाचा प्रश्न त्यापुढचा आहे. गुन्हा कोणी केला हे अनेकदा गावाला ठाऊक असते. ते कागदावर कसे यावे, ही खरी अडचण असते.

कागदावर आणण्याच्या या प्रवासात थरार कमी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते; ठाण्याने ती नोंदवली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते; नोंदलेल्या खबरीची प्रत खबर देणाऱ्याला विनामूल्य मिळायला हवी. खुनासारख्या गुन्ह्यात सामान्यतः ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकेक दिवस खोडणारी बहीण आणि ठाण्याच्या बाकावर प्रतीसाठी बसून राहणारा भाऊ, यांच्यापेक्षा अधिक ताण कोणत्या पाठलागात असतो? शिवाय संहितेतील ‘पीडित’ या संज्ञेत मृताचा कायदेशीर वारसही येतो, आणि तपासाची प्रगती पीडिताला कळवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, हे ज्या मुलाला कथेच्या ओघात कळेल, त्याच्या हाती कोयत्यापेक्षा मोठे काही येईल. संतोष देशमुख यांचे बंधू धनंजय देशमुख यांनी हत्येनंतर जो मार्ग धरला तो मोर्चाचा, निवेदनाचा आणि न्यायालयाचा होता. संतापाला कारण असताना भावाने हा मार्ग धरणे हीच न्यायकथेची नैतिक शक्यता आहे, आणि ती कल्पनेतून उसनी आणावी लागत नाही.

भावंडेच का, याचेही उत्तर जिल्ह्याच्या जगण्यात आहे. मुले नायक असलेल्या कथेत वडीलधाऱ्यांना दूर ठेवण्याची सोय लेखकाला करावी लागते. इंग्रजी कथांत त्यासाठी वसतिशाळा किंवा सुट्टी येते. बीडमध्ये ही सोय ऊसतोडीने केलेली आहे. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, घेतलेले आईबाप दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात, नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजली जाते, आणि मागे आजीच्या भरवशावर किंवा हंगामी वसतिगृहात उरतात ती भावंडे. धाकट्याचा डबा, दप्तर, ताप, सारे थोरलीच पाहते. अशा घरावर आघात झाला तर तक्रार घेऊन जाणार तरी दुसरे कोण?

तो आघात खुनाचाच असावा असेही नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. म्हणजे या जिल्ह्यातील कितीतरी भावंडांच्या घरात एक बहीण अशी आहे, जी जन्मालाच आली नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा १९९४ चा आहे. २०१९ साली ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. आईच्या पोटावरचा टाका कशाचा, तिला कोणी काय सांगून सही घेतली, त्या शस्त्रक्रियेची उचल कोणत्या हंगामात फिटली, हा शोध घेणारी दोन मुले ही मराठीत अजून न लिहिलेल्या सर्वांत मोठ्या गुन्हेकादंबरीची पात्रे आहेत.

बदनामीच्या आक्षेपाला फार जागा देण्याचे कारण नाही. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या अंबाजोगाईचा जिल्हा एका कादंबरीने लहान होत नाही. तो लहान होतो तो साक्षीदार घाबरून गप्प बसल्याने.

खरे वजन एका वेगळ्याच आक्षेपाला आहे, आणि तो पूर्वपक्षाने न मांडताही मान्य करायला हवा. ज्या घरात माणूस गेले, त्या घराच्या दुःखावर कादंबरी उभारण्याचा हक्क कोणालाही नाही. मस्साजोगचा खटला न्यायप्रविष्ट आहे, आणि त्या घरातील मुलांचे आयुष्य त्यांचे स्वतःचे आहे. म्हणून या कादंबरीचे गाव, माणसे आणि प्रकरण कल्पितच असावे. खरी असावी ती फक्त यंत्रणा, भाषा आणि वर्षाचे ऋतुचक्र. याच सचोटीपायी तिला निकालही देता येणार नाही, कारण अशा खटल्यांचे निकाल मुलांच्या शाळेच्या वर्षांत मावत नाहीत. शेवटच्या प्रकरणात तिला फार तर साक्षीची तारीख देता येईल. ती तारीख कार्तिकात पडेल, तेव्हा आईबाप फडात असतील, मुकादम सुट्टी देणार नाही, आणि सकाळच्या पहिल्या एसटीने बीडच्या न्यायालयात जायचे ते थोरलीने की धाकट्याने, की दोघांनीही शाळा बुडवून, हे त्या दोघांना रात्रीच ठरवावे लागेल.