एप्रन आहे, पण डोळ्यांचं काय?

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवताना कॅथलॅबमधला डॉक्टर क्ष-किरणांच्या अगदी शेजारी उभा असतो. किरण रुग्णाच्या शरीरावर आदळून विखुरतात आणि डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ सगळ्यांपर्यंत पोहोचतात. शिशाचा जड एप्रन छाती-पोट झाकतो. डोळे उघडेच राहतात.

पूर्वी वाटत होतं त्याहून कमी मात्रेतही मोतीबिंदू होऊ शकतो, हे लक्षात आल्यावर आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने २०११ मध्ये डोळ्याच्या भिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून सरासरी २० वर आणली. तरीही शिशाच्या काचेचे चष्मे आणि छताला टांगलेला पारदर्शक पडदा यांना जादा खर्च मानलं जातं. कोट्यवधींचं यंत्र घेणाऱ्या रुग्णालयाला हे शोभत नाही.

एप्रनचीही हेळसांड होते. घडी घालून खुर्चीवर टाकला की आतल्या थराला भेगा पडतात, आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. तो टांगूनच ठेवावा, ठरावीक काळाने क्ष-किरणांखाली तपासावा.

यंत्राबरोबरच पडदा, चष्मे, थायरॉइड कॉलर आणि नर्सच्या मापाचे एप्रन खरेदीच्या यादीत असायलाच हवेत. परवान्याच्या नूतनीकरणावेळी अणुऊर्जा नियामक मंडळाने ते खरोखर वापरात आहेत का, हेही पाहावं.